बंबाचं शिक्षण: माणसं दक्षिणेत पाठवावीत की प्रशिक्षक गावात आणावा?

कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या नुनावुत प्रदेशात 25 गावं आहेत आणि एकाही गावातून दुसऱ्या गावाला रस्ता जात नाही. आग लागली की बहुतेक ठिकाणी जे आहेत ते गावातलेच स्वयंसेवक, दुसरं कोणी येणार नाही. 2021 मध्ये स्टॅटिस्टिक्स कॅनडाने मांडलेल्या आकड्यांत इनुइटांचं, म्हणजे उत्तरेतल्या मूळ रहिवाशांचं, आगीत मरण्याचं प्रमाण बिगर-आदिवासी कॅनेडियनांच्या 17 पटींहून जास्त निघालं. पैसे मात्र बेताचेच असतात, म्हणून ग्रामपरिषदेपुढे दोनच पर्याय उरतात: स्वयंसेवकांना शिकायला दक्षिण कॅनडात पाठवायचं, नाहीतर प्रशिक्षक गावात आणायचा.

दक्षिणेतल्या प्रशिक्षण केंद्रात खरी आग असते. धुराने भरलेल्या इमारतीत रांगत माणूस शोधायचा, छताखालची उष्णता अंगावर घ्यायची, वर मान्यताप्राप्त प्रमाणपत्र. हे गावात मिळत नाही. पण तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर हायड्रंट, म्हणजे बंबासाठीचा नळ, आणि गावात पाणी टँकरने येतं! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शिवाय जाण्यायेण्याच्या विमानखर्चात दोघंच जातात, आणि शिकलेला पोरगा तिकडेच नोकरी धरतो, हेही होतं.

प्रशिक्षक गावात आला की सगळी तुकडी आपल्याच पंपावर शिकते. उणे तीसमध्ये नोझल, म्हणजे पाइपाचं तोंड, पूर्ण बंद करायचं नाही, धार बारीक चालू ठेवायची. पाणी थांबलं की पाइप गोठलाच. काम संपल्याबरोबर पाइप रिकामा करायचा. तरी गोठला तर गुंडाळायचा नाही, अस्तर फाटतं. लांबच्या लांब स्लेजवर टाकून गरम गॅरेजमध्ये न्यायचा. श्वास घ्यायचा मास्क कोटाच्या आत ठेवायचा, नाहीतर श्वासाची वाफ झडपेत गोठते. आणि टँकरचा ड्रायव्हर तुकडीत हवाच. तो झोपलेला असेल तर पंप असून नसल्यासारखा.

उणीव एकच, पण मोठी: धुराचं यंत्र लावून केलेल्या सरावात खरा ताप कळत नाही. एवढ्याच शिक्षणावर कुणाला जळत्या घरात पाठवू नये. बाहेरून विझवायचं, शेजारचं घर वाचवायचं, हे परिषदेने आधीच ठरवून टाकावं.

यंत्र बदललं तर शिकवणीही बदलते. अलास्कात 'प्रोजेक्ट कोड रेड'खाली लहान गावांना थोड्या पाण्यात भागणारी फेसाची छोटी यंत्रं मिळाली. त्यांच्यासाठी शहरी बंबाचा अभ्यासक्रम काय कामाचा?

ऑनलाइन वर्ग थिअरीपुरते ठीक.

माझं मत: तुकडी नवी असेल किंवा निम्मी गळाली असेल, तर प्रशिक्षकच आणा. पंपावर हात बसला की मग दोघांना दक्षिणेत पाठवा, तेही गावात टिकणारे; धडधाकट पोरापेक्षा गॅरेजचा मेकॅनिक बरा. वसंतातला शिकारीचा हंगाम टाळा, नाहीतर कोणी येणार नाही. प्रशिक्षकाला ऑगस्ट सोयीचा वाटेल. तुम्ही फेब्रुवारी मागा, आणि एक सराव रात्री, फोन करून माणसं उठवण्यापासून घ्यायला लावा.