डॉक्टरांची म्हणून गळ्यात मारलेली टॅक्सी

वापरलेली सात सीटर बघत असाल, त्यातही सीएनजी अर्टिगा, तर टोकन द्यायच्या आधी हे पूर्ण वाचा. मला ८,४०,००० रुपयांना "डॉक्टरांची, सिंगल ओनर, ४१,२०० किलोमीटर" म्हणून जी गाडी विकली, ती २,३४,००० किलोमीटरच्या पुढे पळालेली टी परमिटची, म्हणजे भाड्याने चालवायचा परवाना असलेली, टॅक्सी निघाली. मीटर मागे फिरवतात, हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत होतं. माहीत असूनही माणूस कसा फसतो, ते सांगतो.

घरात आम्ही सहा जण. आई-अण्णा, आम्ही दोघं, दोन मुलं. गावाला निघालं की बहीण सोबत असतेच. जुन्या हॅचबॅकमध्ये कोंबून नेणं बंद करायचं होतं आणि पेट्रोलचा खर्चही झेपत नव्हता. सगळे पर्याय नीट पाहिले होते. ट्रायबर पाहिली. चार मीटरच्या आत सात सीट बसवल्या आहेत, मागच्या सीट काढून ठेवता येतात हे उत्तम, पण एक लिटरचं इंजिन सात माणसं घेऊन घाट चढणार कसं? कॅरेन्स प्रशस्त आहे, पण आमच्या बजेटमध्ये बसत नव्हती. इनोव्हा जुनी घ्यायची तर डिझेल आणि तिचा मेंटेनन्स. राहिली अर्टिगा. २०२० च्या बीएस-६ सीएनजी मॉडेलचं कंपनीने सांगितलेलं मायलेज २६.०८ किलोमीटर प्रति किलो. प्रत्यक्षात वीस-बावीस मिळालं तरी आम्हाला परवडत होतं. सीएनजीची टाकी डिकी खाते, तिसरी रांग उघडली की बॅगा ठेवायला जागाच उरत नाही, हेही माहीत होतं. वर कॅरिअर लावायचं ठरवलं होतं. नवीन गाडी ऑन-रोड बारा लाखांच्या वर जात होती, वर वेटिंग. म्हणून चार वर्षं वापरलेली. यात चुकीचं काय होतं, हे अजूनही मला कोणी सांगितलेलं नाही.

२०२४ च्या दसऱ्याच्या आधी पुण्याजवळच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात ही गाडी दिसली. दुकान म्हणजे टपरी नव्हती. काचेचं ऑफिस, बाहेर चाळीसेक गाड्या, भिंतीवर गाडीची चावी घेतानाचे कुटुंबांचे फोटो. मालक स्वतः उठून आला, आईला "मावशी, सावलीत बसा" म्हणून खुर्ची दिली. गाडी पांढरी, आत नवी कोरी सीट कव्हरं, सुगंध मारलेला.

मी आत बसलो तेव्हा पहिली नजर पायाशी गेली. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर अगदी नवं होतं. कडा धारदार, त्यावरच्या रेषा तशाच उभ्या. ४१ हजार चाललेल्या गाडीचं पेडल रबर झिजत नाही, मग ते बदलावं का लागलं? मी विचारलं. तो क्षणभरही थांबला नाही. "डॉक्टरसाहेबांच्या मिसेस चालवायच्या ना, पावसात पाय घसरतो म्हणायच्या, म्हणून आम्हीच बदलून दिलं." मग मधल्या खांबावर, सीटबेल्टच्या वरच्या अंगाला, दोन्ही बाजूंना एक-एक गोल प्लॅस्टिकचं बूच दिसलं. रुपयाच्या नाण्याएवढं. रंग बाकीच्या प्लॅस्टिकपेक्षा किंचित फिका. नखाने दाबलं तर आत पोकळ लागलं. तेही विचारलं. "लहान मुलं होती त्यांना, उन्हाचे पडदे लावले होते, त्याचे हुक."

ती बुचं आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. तिथे पॅनिक बटण होतं. १ जानेवारी २०१९ पासून नोंद होणाऱ्या नव्या प्रवासी टॅक्सींना ट्रॅकिंग यंत्र आणि आपत्कालीन बटण सक्तीचं झालं. लाल रंगाचं ते बटण कॅबमध्ये बसलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. ते काढून भोक बुजवलं होतं. माझं बोट त्या भोकावर होतं! पण मला सांगा, समोरचा माणूस पडद्याच्या हुकाचं इतकं साधं कारण देतो, बायको मागे बसून मुलांना जागा कशी पुरेल ते बघते आहे, अशा वेळी कुणाच्या डोक्यात पॅनिक बटण येईल? मी बघितलं नाही असं नाही, विचारलं नाही असंही नाही. उत्तरं आधीपासून तयार होती. ज्याला गाडी विकायची आहे त्याला प्रश्न विचारणं म्हणजे तपासणी नव्हे. त्याचं उत्तर बाजूला ठेवा आणि तीच गोष्ट तिसऱ्या माणसाकडून पडताळा.

पुढचं तुम्हाला पाठ असेल. "नाशिकची पार्टी संध्याकाळी येतेय", "दसऱ्याला डिलिव्हरी हवी तर आज टोकन". २१,००० टोकन दिलं. ८,१९,००० आरटीजीएसने. शिवाय "ट्रान्सफर आणि फाइल चार्ज" म्हणून १८,५०० रोख, ज्याची पावती आजतागायत मिळालेली नाही. पावतीशिवाय रोख एक रुपया देऊ नका, मग समोरचा कितीही तोंड वेंगाडो.

आरसी मी पाहिली होती, ॲपवरही तपासली होती. बोजा नाही, मालक क्रमांक एक, वर्ग मोटार कार, सगळं स्वच्छ. इथेच खरी मेख आहे. टॅक्सीची गाडी टी परमिट रद्द करून, फरकाचा कर भरून खासगी करून घेता येते आणि ते कायदेशीर आहे. एकदा ते झालं की ॲपवर आजची स्थिती दिसते, कालची नाही. मालकाचा धंदा आरसीवर छापत नाहीत, त्यामुळे टॅक्सीवाल्याला डॉक्टर करायला एक वाक्य पुरतं. "सिंगल ओनर" हे खरंच होतं. म्हणून सांगतो, ॲपवर विसंबू नका. ज्या आरटीओत गाडीची नोंद आहे तिथून बी-एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे गाडीच्या नोंदीचा उतारा, काढायला लावा, परमिट होतं का, वर्ग कधी बदलला, ते विचारा. विक्रेता टाळाटाळ करायला लागला तर तिथूनच परत फिरा.

आणखी एक कागद. डिलिव्हरी नोटवर किलोमीटरच्या रकान्यात आकडा नव्हता, तिरकी रेघ मारली होती. खाली छापलेलं, "गाडी पाहून, तपासून, जशी आहे तशी ताब्यात घेतली." त्या रेघेपाशी मी पेन थांबवलं. तो म्हणाला, "सगळ्यांनाच तशी असते दादा, फॉरमॅटच आहे." ती रेघ कधीही खपवून घेऊ नका. आकडा त्याच्या हाताने, त्याच्या सही-शिक्क्यासह लिहून घ्या. लिहायला तयार नसेल तर उत्तर मिळालं.

पहिला फटका सीएनजी पंपावर बसला. तिथल्या मुलाने सिलिंडरची प्लेट बघितली आणि गॅस भरायला नकार दिला. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, आमची २०२३ मध्येच संपलेली. चाचणी आणि रेग्युलेटर मिळून ९,३०० गेले. गॅस भरल्यावर कळलं की ॲव्हरेज सतराच्या वर जात नाही. ज्या एका गोष्टीसाठी ही गाडी घेतली तीच नाही! मग क्लच घसरायला लागला, क्लच सेट १३,४००. पुढच्या चाकांतून खडखड, सस्पेन्शनचं काम १९,७५०. आमचे मिस्त्री गाडीखालून बाहेर आले आणि हात पुसत म्हणाले, "साहेब, ही ४१ हजारांची गाडी नाही. कंपनीत चेसिस नंबर टाकून बघा."

तसं केलं. कंपनीच्या वर्कशॉपच्या नोंदीत २०२३ मधली शेवटची एन्ट्री १,९८,६४० किलोमीटरची. विक्रेत्याने मला दाखवलेल्या सर्व्हिस बुकातले शिक्के कुठून आले, देव जाणे. हे काम काही मिनिटांचं आहे. टोकन देण्याआधी करा, तेही नंबर प्लेटवरून नव्हे, चेसिस नंबरवरून, आणि विक्रेत्याने सुचवलेल्या वर्कशॉपमध्ये तर मुळीच नाही.

आरसीवरच्या मूळ मालकाला गाठलं. भला माणूस. म्हणाला, "मी कसला डॉक्टर? आधी एअरपोर्टला गाडी लावायचो, नंतर आयटी कंपनीच्या पिकअप-ड्रॉपला होती. दोन लाख चौतीस हजारावर दिली मी. ५,१०,००० मिळाले." म्हणजे परमिट रद्द करणं, मीटर फिरवणं, सीट कव्हरं आणि पेडलचं रबर, एवढ्यावर या माणसाने माझ्याकडून ३,३०,००० कमावले. तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानात गेलो तर मावशीला खुर्ची देणारा तोच माणूस म्हणाला, "तुम्ही सही केलीय, जशी आहे तशी. आम्हालाही समोरच्याने तसंच सांगितलं होतं." एकूण ९,००,९५० रुपये गेले आणि आज व्हॅल्युअर म्हणतो ४,७५,००० मिळाले तर देऊन टाका. खरं सांगून विकली तर तेवढे. खोटं सांगून मी विकणार नाही.

आता सरकारी यंत्रणेबद्दल. पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदाराने कागद उलटसुलट केले आणि म्हणाला, "हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जा." मी म्हटलं, मीटर बदलून, खोटा मालक सांगून पैसे घेतले, ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? "कलम आम्हाला शिकवू नका. गाडी तुम्ही चालवून बघितली होती ना?" हे वाक्य ऐकून घेऊन बाहेर यावं लागलं. चोराला पकडायचं सोडून ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच कुलूप कुठलं लावलं होतं विचारायचं! तक्रारअर्ज घेतला, पण पोच द्यायला साहेब नव्हते. दुसऱ्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्तावर. शेवटी स्पीड पोस्टाने पाठवला. तुम्हीही तसंच करा. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे लेखी, टपालानेही, जाता येतं, आणि तिथेही दाद नाही मिळाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. हे ठाण्यात कोणी सांगत नाही.

आरटीओत त्याहून वाईट. एका खिडकीवरून दुसरीकडे, दुसरीकडून "आवक-जावकला द्या". अखेर एका अधिकाऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मीटरचा आकडा आमच्या रेकॉर्डला नसतोच, आम्ही काय करणार?" नसतो, मान्य. पण १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. गाडी ताब्यात आली की फॉर्म २९-सी ने तशी नोंद करावी लागते. दुकानातल्या गाडीच्या फेऱ्यांचं इलेक्ट्रॉनिक रजिस्टर ठेवावं लागतं, त्यात किलोमीटरही येतात. हा नियम तुमचाच ना? या दुकानाकडे प्रमाणपत्र आहे का, रजिस्टर आहे का, एवढं तरी तपासा, असं लेखी दिलं. उत्तर नाही. प्रमाणपत्र नसेल तर दुकान उघडं कसं, आणि असेल तर रजिस्टर कोण बघतं? मीटर फिरवणारे राजरोस धंदा करतात, कारण त्यांना माहीत आहे की पोलीस आरटीओकडे बोट दाखवणार, आरटीओ पोलिसांकडे, आणि माणूस सुट्ट्या टाकून टाकून दमणार.

मी दमलेलो नाही. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी फक्त २०० रुपये, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. दुकानाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची. कायद्यात तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं लिहिलं आहे. आमच्या तारखा पडतच आहेत. त्याच्या वकिलाचा सगळा भर त्या "जशी आहे तशी"वर आहे. माझ्याकडे त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेली जाहिरात आहे, "डॉक्टर ओन्ड, ४१,२०० किमी, नॉन-ॲक्सिडेंट", त्याच्याच नंबरवरून. गाडी घेऊन झाल्यावर विक्रेत्याचे मेसेज पुसू नका. फोनवर तो जे बोलतो ते त्याच्याकडून मेसेजमध्ये लिहून घ्या.

टायरही बघा. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या गाडीचे चारही टायर २०२३ चे होते. २०२० ची गाडी ४१ हजारात चारही टायर खाते का?

मागच्या महिन्यात त्याच्या माणसाकडून निरोप आला की ६०,००० घ्या आणि तक्रार मागे घ्या. मी नाही म्हणून कळवलं. दुकान चालू आहे आणि पुन्हा एक पांढरी २०२० ची सीएनजी सात सीटर जाहिरातीत आहे, ३८,००० किलोमीटर, या वेळी "बँक मॅनेजरची". पुण्याच्या आसपास कोणी ती बघायला जाणार असेल तर आधी मधल्या खांबावर, सीटबेल्टच्या वर, हात फिरवून बघा.