अंदमान, मॉरिशस की गुहागर : निवृत्तीनंतरच्या घराचा हिशेब

निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरले की समुद्रकाठी जाऊन राहण्याचा विषय घराघरांत निघतो, आणि हल्ली त्यात बेटांचीही नावे ऐकू येतात. गुहागर तालुक्यात कायमचे राहायला येऊन मला सात पावसाळे झाले आणि त्याआधी आम्ही उभयतांनी अंदमानाचा विचारही बराच पुढे नेला होता, म्हणून मुंबई-पुण्याहून येणारे पाहुणे हा प्रश्न हमखास मला विचारतात. माझे म्हणणे एवढेच असते की कोणतीही जागा तिच्या डिसेंबरावरून पसंत करू नये, तिच्या वाईटात वाईट महिन्यावरून करावी.

लक्षद्वीपचे नाव यादीतून आधीच खोडावे. तेथे वस्तीची बेटे जेमतेम दहा, भारतीयांनाही परवान्याशिवाय प्रवेश नाही आणि बाहेरच्या माणसाला जमीन विकत घेता येत नाही.

अंदमानाचे तसे नाही. मराठी माणसाच्या मनात अंदमान म्हणजे सेल्युलर जेल, त्यामुळे तेथे कोणी हौसेने राहायला जाईल ही कल्पनाच आमच्या आत्याला शेवटपर्यंत पटली नाही. सोयी मात्र खऱ्या आहेत : देश आपलाच असल्याने व्हिसाची कटकट नाही, निवृत्तिवेतन रुपयांतच राहते, हिंदी सगळीकडे चालते, आणि चेन्नईहून टाकलेली समुद्राखालची केबल २०२० मध्ये सुरू झाल्यापासून मुलांशी व्हिडिओवर बोलणेही सुसह्य झाले आहे. परंतु बहुतेक जमीन जंगलाखाली आहे, आदिवासींच्या राखीव क्षेत्रांत १९५६ च्या नियमनानुसार बाहेरच्यांना प्रवेशबंदी आहे, आणि उरलेल्या थोड्या जमिनीत घर शोधायचे म्हणजे आमच्यासारख्यांना भाड्याचाच विचार करावा लागतो. सारा देश एकाच घड्याळावर चालत असल्यामुळे तेथे डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सुट्टीवर गेलेल्याला याची गंमत वाटते, पण रोज लवकर पडणाऱ्या त्या अंधाराचे काय करायचे हे राहणाऱ्यालाच ठरवावे लागते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीची आठवणही तेथे अजून जिवंत आहे.

आमचा निर्णय मात्र यांपैकी कशानेच झाला नाही. जूनच्या मध्यावर आम्ही स्वराजद्वीपावर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, मुद्दाम पावसात राहून पाहत होतो. जेट्टीवरच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ एक्स-रेचा लिफाफा मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना राजधानीच्या गावी, ज्याचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे, मोठ्या डॉक्टरांकडे जायचे होते. समुद्र खवळल्याने बोट रद्द झाल्याचे कळले तेव्हा त्यांनी लिफाफा पिशवीत सरकवला आणि घरची वाट धरली. दुसऱ्या दिवशी ते त्याच बाकावर, तोच लिफाफा मांडीवर घेऊन बसलेले दिसले, आणि त्या दिवशीही बोट सुटली नाही.

मॉरिशसचा हिशेब निराळा. एकोणिसाव्या शतकात करारावर उसाच्या मळ्यांत गेलेल्या मजुरांमध्ये आपल्याकडचे लोकही होते. त्यांच्या वंशजांमुळे तेथे मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. त्यावरून तेथे आपले गाव भेटेल अशी समजूत मात्र करून घेऊ नये, कारण घरात आणि बाजारात क्रिओल चालते आणि वर्तमानपत्र बहुधा फ्रेंच असते. पन्नाशी उलटलेल्या परदेशी नागरिकाला निवृत्त म्हणून राहण्याचा दहा वर्षांचा परवाना मिळू शकतो, परंतु त्यासाठी ठरावीक रक्कम नियमितपणे परकीय चलनात तेथे आणावी लागते, आणि घर घ्यायचे तर ते बहुधा सरकारमान्य योजनांतलेच घ्यावे लागते. सरकारी उपचार मोफत आहेत ते तेथील नागरिकांना, आणि आपल्याकडचे बहुतेक आरोग्य विमे देशाबाहेर चालत नाहीत. वादळांचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे नेमका आपण इथल्या थंडीतून तेथे जाण्याची स्वप्ने पाहतो तो. ज्यांची मुले परदेशात आहेत आणि गाठीशी भरपूर पैसा आहे, त्यांनी याचा जरूर विचार करावा. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याने रुपयाचा दर रोज पाहत बसण्याची तयारी ठेवावी.

आता कोकण. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला नजरकैदेत ठेवायला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरी निवडली आणि १९१६ मध्ये तो तेथेच वारला. सह्याद्री आडवा आणि पावसाळ्यात आगबोटी बंद, अशा त्या काळात इंग्रजांच्या लेखी हेही बेटच असावे. १९९८ मध्ये रेल्वे पूर्ण धावू लागल्यापासून ते बेटपण पुष्कळसे गेले. मुंबई-गोवा महामार्गाविषयी मी लिहिणार नाही, वाचकांना तो माझ्याइतकाच ठाऊक आहे.

कोकणातली पहिली अडचण कागदांची असते. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, त्यामुळे बाहेरच्याला बिनशेती भूखंड पाहावा लागतो आणि किनाऱ्यालगत सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, बांधकामावरची बंधने सांभाळावी लागतात. वडिलोपार्जित घर असलेल्यांनीही निर्धास्त राहू नये, कारण सातबारा सामाईक असतो आणि इतर हक्कांत कधीकाळचे कूळ निघते. आम्हाला साधी पडवी वाढवायची होती, तर तेरा हिस्सेदारांच्या सह्या लागल्या, त्यांतल्या दोन नालासोपाऱ्याहून आणि एक बडोद्याहून आणावी लागली.

दुसरी अडचण घर टिकवण्याची. एप्रिल-मेमध्ये कौलांची शाकारणी करायला माणूस मिळत नाही, कारण वाडीतली तरणी मुले मुंबईला असतात. खाऱ्या हवेने बिजागऱ्या आणि फ्रिजची मागची बाजू गंजते, जुलैत कपाटातल्या कपड्यांवर बुरशी धरते, आणि एवढा पाऊस पिऊनही जांभ्याची जमीन मे महिन्यात विहिरीचा तळ दाखवते. बागेच्या उत्पन्नावर तर मुळीच विसंबू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत माड-पोफळींच्या बागा आडव्या केल्या, आणि नवी पोफळ फळाला यायला पाच ते सात वर्षे लागतात. साठीनंतर लावणी करणाऱ्याने हा आकडा स्वतःच्या वयात मिळवून पाहावा.

तरीही आम्ही येथे राहिलो, त्याचे कारण जुलैतल्या एका रात्रीचे आहे. दोन वाजता सौभाग्यवतींना धाप लागली, लाईट संध्याकाळपासून नव्हती. शेजारच्या मुलाने रिक्षा काढली आणि न विचारता कोयता पायाशी ठेवला. वाटेत फणसाची मोठी फांदी रस्त्यावर आडवी झाली होती. ती त्याने भर पावसात अर्ध्या तासात तोडून बाजूला केली आणि पहाटे आम्ही चिपळूणच्या दवाखान्यात पोहोचलो. कितीही वाईट असला तरी रस्ता कोयत्याने मोकळा करता येतो, जेट्टीवरच्या त्या गृहस्थांना ती सोय नव्हती. अर्थात २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणच बुडाले, तेव्हा आम्हीही त्यांच्याच बाकावर होतो. ज्यांना हृदयाचा किंवा डायलिसिसचा नियमित उपचार लागतो, त्यांनी म्हणूनच आडगावाऐवजी रत्नागिरी शहर किंवा डेरवणच्या रुग्णालयाचा परिसर पाहावा, मग खिडकीतून समुद्र न दिसला तरी चालेल.

विकत काहीही घेण्यापूर्वी जून ते सप्टेंबर भाड्याने राहून पाहावे. आमच्या वाडीत त्या दिवसांत दोन घरे रिकामी असतात. बोलणी करताना भाड्याच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात : इन्व्हर्टर किती तास चालतो, आणि रिक्षावाला मुलगा गणपतीपर्यंत गावात आहे का.