टपाल की कुरिअर : पार्सल कोणाच्या हाती सोपवावे?

पार्सल पाठवायचे ठरले की बहुतेक जण आधी दर विचारतात, मग किती दिवसांत पोहोचेल ते विचारतात आणि तेवढ्यावर निर्णय घेतात. माझ्या मते एवढी चौकशी अपुरी आहे. खोके केवढे आहे, पत्ता कुठला आहे, वाटेत देशाची सीमा लागते का आणि आतली वस्तू हरवल्यास तिची भरपाई पैशाने होण्यासारखी आहे का, हे पाहिल्याखेरीज टपाल स्वस्त की कुरिअर स्वस्त हे खऱ्या अर्थाने ठरवताच येत नाही.

दोन्ही सेवांची घडणच वेगळी आहे. १८७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे २२ देशांनी एकत्र येऊन जो करार केला, त्यातून आजची युनिव्हर्सल पोस्टल युनियन ही देशोदेशींच्या टपालसेवांची संघटना उभी राहिली. एका देशाच्या टपालखात्याने स्वीकारलेली वस्तू दुसऱ्या देशाच्या टपालखात्याने पुढे नेऊन तिचा बटवडा करायचा, ही व्यवस्था तिथून रूढ झाली. खासगी कंपन्यांची रीत याच्या उलट आहे. फेडएक्सने १७ एप्रिल १९७३ च्या रात्री कामाला सुरुवात केली, तेव्हा निरनिराळ्या शहरांतली पाकिटे स्वतःच्या विमानांनी अमेरिकेतील मेम्फिस शहरात आणायची, तिथे रातोरात वर्गवारी करायची आणि सकाळपर्यंत मुक्कामाच्या शहरात पोहोचवायची, अशी तिची पद्धत होती. उचलण्यापासून हाती देईपर्यंत जबाबदारी एकाच संस्थेकडे ठेवण्याची ही रचना मोठ्या कुरिअर कंपन्यांनी पुढे जगभर नेली, आणि त्यांच्या वेगाचे मुख्य कारण हेच आहे.

पार्सलाचा माग घेण्याच्या सोयीतही हा फरक दिसतो. आंतरराष्ट्रीय टपालाचा क्रमांक तेरा चिन्हांचा असतो : सुरुवातीला दोन अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरे. पहिले अक्षर आर असेल तर वस्तू नोंदणीकृत, सी असेल तर पार्सल आणि ई असेल तर ईएमएस म्हणजे जलद टपाल, असे ढोबळमानाने समजावे. पार्सल मूळ देशातून निघाल्यावर दुसऱ्या देशात नोंदले जाईपर्यंत अनेकदा काहीच नवी नोंद दिसत नाही, कारण मधल्या टप्प्यात ते बंद थैलीत असते आणि त्या थैलीतल्या प्रत्येक वस्तूची वेगळी नोंद होत नाही. या शांततेचा अर्थ पार्सल हरवले असा घेऊ नये. साध्या, स्वस्त टपालाला तर कित्येकदा क्रमांकच नसतो. कुरिअरमध्ये जवळजवळ प्रत्येक हाताळणीला नोंद होते, त्यामुळे ज्याला रोज माहिती हवी आहे त्याच्यासाठी कुरिअर निःसंशय सरस आहे.

दराच्या बाबतीत मात्र कुरिअरचा एक नियम सर्वांनी नीट समजून घ्यावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला साधारणपणे ५००० ने भागायचे. येणारा आकडा हे त्या खोक्याचे आकारमानी वजन. ते आणि काट्यावरचे वजन यांत जे जास्त, त्यावर आकारणी होते. ५० × ४० × ३० सेंटिमीटरच्या खोक्याचे आकारमानी वजन १२ किलो भरते, मग आत तीन किलोची लोकरी पांघरुणे असली तरी पैसे बारा किलोंचे द्यावे लागतात. विमानात किंवा गाडीत जागा हीच मर्यादित असल्याने कंपनीच्या बाजूने हा नियम रास्त आहे. पण ग्राहकाने हाताशी असलेले मोठे खोके वापरले, की त्याचा भुर्दंड त्यालाच बसतो. उरलेली जागा कागदाने भरण्याऐवजी लहान खोके घेणे हाच इथला खरा बचतीचा मार्ग आहे. टपालखातीही काही सेवांना आकारमान मोजतात, तरी अनेक ठिकाणी साध्या पार्सलाचा दर काट्यावरच्या वजनावरच ठरतो. म्हणून हलक्या पण फुगीर वस्तूंसाठी मी आधी टपालाचा दर विचारतो.

पत्ता दुर्गम असेल तर टपालाचे पारडे जड होते. बहुतेक देशांत टपालसेवेवर सर्वत्र सेवा देण्याचे कायदेशीर बंधन असते. कुरिअर कंपन्या दूरच्या भागासाठी वेगळा अधिभार लावतात आणि काही ठिकाणी शेवटचा टप्पा टपालाकडेच सोपवतात. टपाल कार्यालयातल्या पेटीचा (पी. ओ. बॉक्सचा) पत्ता तर बहुतेक कुरिअर स्वीकारतच नाहीत.

सीमा ओलांडताना होणारा खर्च अनेकांच्या लक्षात उशिरा येतो. टपालाच्या पार्सलावर सीमाशुल्काची घोषणा लावतात : मूल्य ३०० एसडीआरपर्यंत (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) असलेल्या लहान पाकिटाला सीएन २२ हा छापील नमुना आणि त्याहून अधिक मूल्याला सीएन २३. कुरिअर कंपनी पुष्कळदा सीमाशुल्क स्वतः भरून माल लवकर सोडवून घेते आणि ती रक्कम आपल्या सेवाशुल्कासह प्राप्तकर्त्याकडून वसूल करते. व्यापारी मालाला ही सोय मोलाची आहे, पण भेट म्हणून पाठवलेल्या वस्तूसोबत स्नेह्याच्या हाती देयक जाणे बरे दिसत नाही. शुल्क पाठवणाऱ्याने भरण्याचा पर्याय आहे का, हे आधीच विचारून घ्यावे.

भरपाईबद्दल दोन्हीकडे गैरसमज आहेत. घोषित मूल्य लिहिले म्हणजे विमा झाला, असे नाही. विमा वेगळा घ्यावा लागतो. तो नसेल तर कुरिअरच्या आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीत भरपाईची मर्यादा सहसा मालाच्या वजनावर ठरते, त्यामुळे हलकी पण महागडी वस्तू हरवल्यास हाती फार थोडे येते. रोख रक्कम, दागिने आणि दुर्मीळ वस्तू अनेक सेवांच्या अटींतून वगळलेल्याच असतात. पुन्हा न मिळणाऱ्या कागदपत्रांसाठी मी नोंदणीकृत टपालाला पसंती देतो, कारण तिथे वस्तू सोपवताना नोंद होते आणि पोचपावती मागता येते; मुदतीत पोहोचवायच्या कागदांसाठी मात्र कुरिअरच.

मोडतोडीचा दावा दोन्हीकडे बहुधा आवेष्टन अपुरे होते या कारणावरून फेटाळला जातो. म्हणून पाठवणाऱ्याने बंद करण्यापूर्वी आतली मांडणी छायाचित्रात टिपावी, पत्त्याची एक प्रत खोक्याच्या आतही ठेवावी आणि प्राप्तकर्त्याला कळवून ठेवावे की, तक्रारीची तपासणी पूर्ण होईपर्यंत खोके आणि आतले वेष्टन टाकून देऊ नये.