कटपीसचा कुर्ता घ्या, थानाचा राहू द्या

इंदूरच्या जयरामपूर कॉलनीतल्या या कुर्तेवाल्या बाईंकडे मी रामबागेतून रिक्षा करून तीनदा गेलेय, यावरून काय ते समजा. दुकान कसलं, घराची पुढची खोली. मागच्या खोलीत पाच मशिनी, एक ओव्हरलॉक आणि कापायच्या टेबलाशी बाई स्वतः. कात्री दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत.

कुर्ता उचलला की त्याच म्हणतात, “अदी, पहले उल्टा करके देखो.” अदी म्हणजे सिंधीत ताई. केला उलटा. बगलेखाली दोन्ही बाजूंना चांगलं इंचभर कापड सोडलेलं, गळ्याची पट्टी हातानं टाचलेली. तयार कपड्यात एवढं कोण सोडतं? दिवाळीनंतर आपण सुटलो की कुर्ता भाचीच्या अंगावर.

खरी गंमत योकवर, म्हणजे छातीवरच्या वेगळ्या जोडलेल्या भागावर. रंगीत तुकडे जोडून वर धावदोऱ्याच्या ओळी. सिंधमध्ये अशा गोधड्या करतात, रल्ली म्हणतात. बाई तिथल्याच, पाकिस्तानातल्या सक्करच्या. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर इथे आल्या, तेव्हा इंदूर सोडून सुरतेला जायचं तर परवानगी काढावी लागायची. मग इथल्याच एमटी क्लॉथ मार्केटमधून मिळतील ते कटपीस आणायचे. तुकड्यात अख्खा कुर्ता बसेना, म्हणून योक जोडाचा. 2016 च्या अखेरीस नागरिकत्व द्यायचे अधिकार इंदूरच्या कलेक्टरकडे आले, त्यानंतर बाईंचा कागद झाला. आता त्या सुरतेहून थान, म्हणजे अख्खे तागे आणतात.

आणि इथेच माझी तक्रार आहे. थानाच्या रेयॉन कुर्त्याची शिलाई तीच, पण दोन धुण्यांत बाही चांगली दोन बोटं वर गेली. कापड आधी भिजवलंच नव्हतं. सांगायला गेले तर वाद नाही, पैसेही परत नाहीत. बाहीला रल्लीची पट्टी लावून दिली, फुकट. आता तो कुर्ता आधीपेक्षा बरा दिसतो, हे आमच्या ह्यांनासुद्धा कळलं!

कटपीसचा सुती कुर्ता साडेनऊशेला. घासाघीस चालत नाही, मी करून पाहिली. घालून बघायला पडदा लावलेला कोपरा आहे, आरसा मात्र बाहेर. चेटीचंडच्या, म्हणजे सिंधी नववर्षाच्या आसपास जाऊ नका, बंद असतं.

काळ्या योकचा अडतीस नंबर मी बाजूला ठेवायला सांगितलाय. तो मागू नका.