मुलाखत घेण्याचा सहा रविवारांचा वर्ग : सोलापुरातील अनुभव

प्रबंधासाठी विडी कामगार स्त्रियांशी बोलायचे होते आणि प्रश्नावली भरून घेण्यापलीकडे मला काही येत नव्हते, म्हणून सोलापुरातील एका खासगी संस्थेच्या मुलाखत-प्रशिक्षण वर्गात १,८०० रुपये भरून मी नाव घातले.

पहिले दोन रविवार व्याख्यानांत गेले. संरचित मुलाखतीत प्रश्नांचे शब्द आणि क्रम आधीच ठरलेले असतात, अर्धसंरचित मुलाखतीत हाती केवळ मुद्द्यांची यादी असते आणि मुक्त मुलाखतीत समोरच्याच्या बोलण्यामागून जायचे असते, एवढे कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळते. जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडलेले निर्णायक प्रसंगांचे तंत्र मात्र येथे प्रथमच नीट कळले. ‘काम कसे वाटते?’ असे मोघम न विचारता प्रत्यक्ष घडलेला एखादा प्रसंग घ्यायचा आणि त्याआधी काय झाले, तुम्ही काय केले, त्यातून काय निष्पन्न झाले, हे टप्प्याटप्प्याने काढून घ्यायचे.

वर्गाचे खरे मोल तिसऱ्या रविवारी पूर्व भागातील एका घरात कळले. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या एकाच बाईंची दोन पद्धतींनी मुलाखत घ्यायची होती. ‘दिवसाला किती विड्या वळता?’ या छापील प्रश्नाला त्यांनी मान वर न करता ‘हजार’ असे उत्तर दिले आणि मी ते चौकटीत लिहिले. अर्ध्या तासाने ‘काल उठल्यापासून काय काय केलंत?’ एवढेच विचारले, तेव्हा पाने सासूबाईंनी कापली होती, दोरा जावेने गुंडाळला होता आणि विडी कामगाराच्या कार्डावर नाव मात्र या एकट्या बाईंचे होते, असे एकेक उलगडत गेले. हजार हा आकडा खोटा नव्हता. तो घराचा होता आणि मी तो एका बाईच्या नावावर मांडत होते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळत असल्याने ही चूक माझ्या प्रबंधातील प्रत्येक कोष्टकात शिरली असती.

लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रियांची संमती सही-अंगठ्याऐवजी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करण्याची पद्धतही उपयोगी वाटली.

मुख्य तक्रारी दोन आहेत. तुकडी वीस जणांची असेल असे सांगून चौतीस जणांना प्रवेश दिला, त्यामुळे प्रत्येकाच्या मुलाखतीवरील चर्चा पाच मिनिटांत उरकली. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. विडी कामगार स्त्रियांच्या गटचर्चेत सात जणी बघता बघता तेलुगूत बोलू लागल्या, शेजारची मुलगी पाच मिनिटांच्या बोलण्याचे एका वाक्यात भाषांतर करू लागली आणि आम्ही वह्या उघड्या ठेवून बसून राहिलो. मराठी, तेलुगू आणि कन्नड ज्या शहरात एकाच गल्लीत ऐकू येतात, तेथील वर्गात दुभाष्यामार्फत मुलाखत कशी घ्यावी यासाठी अर्धा तासही राखलेला नसावा, हे अनाकलनीय आहे. ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवून काढण्याचा वेळही आधी सांगायला हवा होता; माझ्या चाळीस मिनिटांच्या मुलाखतीला जवळजवळ चार तास लागले.

ज्यांचा विषय आधीच ठरलेला आहे, त्यांनी हा वर्ग जरूर करावा. पैसे भरण्यापूर्वी तुकडीची संख्या विचारून घ्यावी, आणि तेलुगू येणारी मैत्रीण असल्यास तिचेही नाव घालावे.