बाहुलीचा संसार: विकतचा की घरचा?

मागच्या मे महिन्यात भाची यायच्या चार दिवस आधी मी ऑनलाइन बाहुलीच्या फर्निचरचा एक गुलाबी प्लास्टिकचा संच मागवला. पलंग, सोफा, जेवणाचं टेबल, चार खुर्च्या. फोटोत बाहुली सोफ्यावर ऐसपैस बसली होती. खोकं उघडलं तर पलंग माझ्या तळहाताएवढा. पाच वर्षांच्या भाचीने तो उलटसुलट करून बघितला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मावशी, हा हिच्या बाळाचा आहे का?"

परत पाठवावा तर विकणाऱ्याचं म्हणणं, खोकं फोडलंय. मग तो बाळाचाच झाला. पुढच्या महिनाभरात आम्ही बाहुलीचे कपडे आणि सामान विकत आणून पाहिलं, घरी करून पाहिलं, सावंतवाडीहूनही आणवलं. आठ वर्षांचा भाचा "मी नाही बाहुली खेळत" म्हणत म्हणत सुतारकामाला लागला. यंदा तुमच्याकडे तीन ते आठ वर्षांचं पोर सुट्टीला येणार असेल आणि काय आणून ठेवावं असा प्रश्न असेल, तर माझा कौल आधीच सांगून टाकते. कपडे घरी करा, लाकडाची एक-दोन चांगली वस्तू विकत घ्या, बाकीचं फर्निचर खोक्यांतून होऊ द्या. प्लास्टिकच्या संचाला मात्र हात लावू नका.

आधी पट्टी काढा

बार्बी १९५९ साली आली. तेव्हापासून तिची उंची साडेअकरा इंच, म्हणजे साधारण २९ सेंटिमीटर. माणसाच्या सहाव्या हिश्शाची. तिच्यासारख्या दिसणाऱ्या स्वस्तातल्या बाहुल्याही साधारण याच उंचीच्या असतात. पण मोठी माणसं हौसेने मांडतात त्या छोट्या बाहुलीघरांचं रुळलेलं माप आहे बारावा हिस्सा, फुटाला एक इंच. माझा पलंग त्या जातीचा होता.

हिशोब अगदी सोपा आहे. आपल्या घरातली वस्तू मोजायची आणि सहाने भागायचं. खुर्चीची बैठक जमिनीपासून ४५ सेंटिमीटर, तर बाहुलीची साडेसात. टेबल ७५, तर साडेबारा. पलंग १९० चा, तर जवळजवळ ३२. विकत घेताना सेंटिमीटर लिहिलेले नसतील तर ती वस्तू सोडून द्या. फोटोवर जाऊ नका, मी गेले होते.

कपड्यांचंही तेच. २०१६ पासून बार्बी उंच, बुटकी आणि अंगाने भरलेली अशा आणखी तीन बांध्यांत निघाली. त्यामुळे 'बार्बीचे कपडे' म्हणून मिळणारा पुडा प्रत्येक बार्बीला होईलच असं नाही. भरल्या अंगाच्या बाहुलीला नेहमीचा झगा कमरेवर अडतो आणि मग पोर तो ओढून फाडतं. कापडी बाहुली नि रबरी बाळ यांना तर ठरलेलं मापच नाही, तेव्हा त्यांच्यासाठी तयार कपडे शोधत बसण्यात अर्थ नाही.

कपडे: तयार, की कात्रणांतून?

तयार कपडे दिसतात सुरेख, हे कबूल. टिकल्या, जाळी, झालर. पण ते घालायचे कुणी? चार वर्षांच्या मुलाच्या बोटांना टिचबटण दाबता येत नाही. वेल्क्रो लावता येतो, पण तो बाहुलीच्या केसांत अडकतो आणि दोन दिवसांत केसांचा काथ्या होतो. शेवटी दर दहा मिनिटांनी "मावशी, लावून दे ना" सुरू. सोबत येणारे नखाएवढे बूट आमच्याकडे पहिल्याच संध्याकाळी कॉटखाली गेले, ते दिवाळीच्या सफाईत सापडले. घरात रांगतं बाळ असेल तर ते बूट मुळात बाहेरच काढू नका. साधारण ३२ मिलिमीटर रुंदीच्या नळकांड्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात चालत नाही, असा खेळण्यांच्या तपासणीतला नेम आहे. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्यावरून अंदाज येईल.

मधला एक मार्ग मला सुचला होता. देवळाजवळच्या दुकानांत बाळकृष्णाचे पोशाख नंबरवार मिळतात, रंगीत आणि मागे नाडी बांधायचे. मापात बसणारे होते, पण आईने अशा काही आठ्या घातल्या की मी तो बेत मुकाट सोडून दिला.

आता घरचे कपडे. यात शिवणकाम यायलाच हवं असं नाही. पहिला कपडा म्हणजे बिनजोडीचा मोजा. लहान मुलाच्या सुती मोज्याची बोटांकडची बाजू नि टाच कापून टाका, उरलेल्या नळीला वरच्या इलॅस्टिकच्या खाली दोन चिरा द्या. हात त्यातून बाहेर. झाला झगा. इलॅस्टिकची कड वर असल्याने तो खांद्यावर घट्ट बसतो, आणि चार वर्षांचं मूल तो स्वतः पायाकडून वर चढवू शकतं. एका दुपारी भाचीने असे पाच केले, त्यातला एक बाळासाठी.

दुसरा कपडा परकर. पट्टी कापायची, कमरेला नेफा दुमडायचा, त्यात इलॅस्टिक ओवायचं. यात धावदोऱ्याशिवाय दुसरा टाका लागत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला बोथट टोकाची, मोठ्या नाकाची सुई ओवून दिली तर तो जमतो. टाके वेडेवाकडे येतात, येऊ द्या. घेराच्या चुण्यांत ते दिसत नाहीत. भाच्याने एका परकराची दोन्ही टोकं शिवून टाकली. मग ती उशी झाली.

कापड मात्र नीट निवडा, इथेच बहुतेकांची फसगत होते. आपण हौसेने खण काढतो. गुळेदगुड्डचा खण परकर-पोलक्याला शोभतो खरा, पण २९ सेंटिमीटरच्या बाहुलीवर तो पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. सगळं सहाने भागलं तरी कापडाची जाडी भागता येत नाही. मी नऊवारीचा हट्ट धरला होता. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, भागिले सहा, म्हणजे १३७ सेंटिमीटर. हिशोबाने बरोबर. नेसवल्यावर कमरेभोवती एवढा बोळा झाला की बाहुली पोट सुटलेल्या फौजदारासारखी दिसायला लागली. शेवटी साठेक सेंटिमीटरवर भागवलं, नि काष्टा मागे दोन टाके घालून पक्का केला. आजीचं धुवून धुवून मऊ झालेलं वायलचं पातळ, मलमलची ओढणी, जुना सुती रुमाल, हे अंगाला चिकटून पडतं. खण हवाच असेल तर तो काठापुरता लावा, किंवा त्याचा तक्क्या करा.

कात्रणं शेजारच्या टेलरकडे मागितली की पिशवीभर मिळतात, वर "अजून हवीत का?" विचारलं जातं. त्यात नायलॉन, सॅटिन बाजूला काढा. कापलं की सुटं सुटं होत जातं आणि मुलं वैतागतात.

फर्निचर: तिघांची झुंज

प्लास्टिकच्या संचाबद्दल एकच आणखी सांगते. आमच्या चारपैकी दोन खुर्च्यांचे पाय पहिल्या आठवड्यात तुटले, आणि तुटलेलं टोक बोचतं. तरी घेणार असाल तर आयएसआय खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, त्यामुळे लाकडी खेळण्यावर ती दिसली नाही म्हणून दचकू नका. तिथे कड, रंग आणि वास स्वतः तपासा.

लाकडात आपल्याला जवळचं सावंतवाडी. मोती तलावाजवळच्या चितारआळीत भातुकली, पाळणे, पाट, पोळपाट-लाटणी, जाती अशी सगळी मांडणी मिळते. जुन्या कामाला पांगारा वापरायचे, हलकं लाकूड. कर्नाटकात बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरचं चन्नपट्टण आहे. तिथलं काम लेथ नावाच्या यंत्रावर फिरवून लाखेचा रंग चढवलेलं, त्यामुळे सगळं गोल नि गुळगुळीत. लहान मुलाच्या हातात द्यायला ते उत्तम, पण पलंग-कपाट अशा चौकोनी वस्तू लेथच्या स्वभावात नाहीत. मला विचाराल तर बाहुलीच्या घराला सावंतवाडी जास्त उपयोगी.

अडचण पुन्हा मापाची. भातुकलीला बाहुलीचं माप नसतं, मुलाच्या हाताचं असतं. तिथला पोळपाट बार्बीला जेवणाच्या टेबलाएवढा होतो. आम्ही तो तसाच वापरला. एक पाळणा आणला होता, त्यात कापडी बाहुली बरोबर मावायची, बार्बीचे पाय बाहेर. त्यावरून लक्षात आलं ते सांगते: ज्या बाहुलीचे गुडघे वाकत नाहीत तिला खुर्ची घेऊच नका. ती कमरेत वाकते आणि तंगड्या समोर ताठ. तिला पलंग आणि झोपाळा द्या. चिंध्यांची बाहुली मात्र भिंतीला टेकवली की कुठेही बसते, पाटावर, डब्यावर, वरवंट्यावरसुद्धा. लाकडी सामान घ्यायचं तर तिच्या मापाने घ्यावं, आणि एकच घ्यायचं तर पाळणा. तो हलतो, आणि तीन वर्षांच्या मुलाला त्याहून जास्त काही लागत नाही.

आता माझं लाडकं: आंब्याचं खोकं. हापूसचं पुठ्ठ्याचं खोकं घरात मे महिन्यात येतंच, आणि हवा खेळायला त्याला बाजूंनी गोल भोकं असतात. त्या आयत्या खिडक्या. आत पेंढा असेल तर फेकू नका, मोज्याच्या तुकड्यात भरला की गादी तयार. खोकं आडवं ठेवलं की एक खोली, त्यावर दुसरं ठेवलं की माडी. जुनी लाकडी पेटी मिळाली तर ती आणखी भक्कम, पण खिळे आणि कुसळं आधी मोठ्यांनी काढायची. बुटांच्या खोक्याचं झाकण ३० सेंटिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे बार्बीचा पलंग. सहा काड्यापेट्या फेविकॉलने चिकटवल्या, रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवल्या, की सहा खणांचं कपाट. प्रत्येक खणाला मण्याची मूठ ओवून. हे काम भाच्याचं. त्याने खण उघडताना अडकतो म्हणून आतून मेण घासलं. कुठे शिकला, विचारलं तर म्हणाला, "आजोबा खिडकीला लावतात."

पुठ्ठ्याचा दोष एकच, आणि तो फोटोत दिसत नाही. आंब्याच्या खोक्याला आंब्याचा वास असतो. तिसऱ्या दिवशी माडीवर मुंग्यांची रांग. तेव्हा खोकं एक दिवस कडक उन्हात ठेवा, ओल्या फडक्याने पुसा, पुन्हा वाळवा, मग घर बांधा.

पाणी आणि ऊन

अकरा ते चार मुलं घरात डांबलेली, तेव्हा हा सगळा कारभार. चारनंतर अंगणात किंवा गच्चीत टबात पाणी, आणि बाहुल्यांची आंघोळ ठरलेली. इथे निवड उलटी होते. लाकडी सामान पाण्यात गेलं की रंग उडतो, सांधे फुगतात. चिंध्यांची बाहुली एकदा भिजली की कापूस आतून वाळायला दोन-दोन दिवस, आणि मूल तेवढे दोन दिवस रडतं. पोकळ रबरी बाहुलीत सांध्यांतून पाणी शिरतं, आत काळी बुरशी धरते. तिला दाबून, उलटी टांगून ठेवावं लागतं. आंघोळीपुरती बार्बीच्या जातीची टणक बाहुली बरी. तिचे धुतलेले मोजे-झगे दोरीवर छोट्या चिमट्यांनी वाळत घालणं हा आमच्याकडे आंघोळीपेक्षा मोठा खेळ झाला. टब असो की बादली, पाणी चार बोटं का असेना, लहान मूल तिथे असताना मोठ्याने उठून जायचं नाही. फोन वाजला तरी.

मग तुमच्याकडे काय?

तीन-चार वर्षांचं मूल असेल तर काळ्या दोऱ्याने डोळे भरलेली (बटणाचे नव्हे) चिंध्यांची बाहुली, लाकडी पाळणा, मोज्याचे झगे. पैसे फक्त पाळण्याला. पाच-सहा वर्षांला बार्बीच्या उंचीची साधी बाहुली, कात्रणांची पिशवी, इलॅस्टिक आणि खोकं. सात-आठला तर खोकी, पट्टी आणि फेविकॉल द्या, बाहुली नसली तरी चालेल, भाच्याने माडीत गाड्याच लावल्या होत्या. आणि तुम्हाला खरंच वेळ नसेल, दिवसभर ऑफिस असेल, तर कपड्यांचा एक तयार पुडा घ्या, पण वेल्क्रोचा नको, ताणणाऱ्या कापडाचा बघा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ताई मुलांना न्यायला आली. भाचीने झगे, परकर आणि ती उशी बिस्किटांच्या डब्यात भरली. पाळणा मांडीवर घेऊन एसटीत बसली. काड्यापेट्यांचं कपाट भाच्याने स्वतःच्या दप्तरात ठेवलं, वर काही ठेवू दिलं नाही. दुमजली खोकं मी रद्दीवाल्याला दिलं. गुलाबी पलंग माझ्याकडेच आहे, त्यावर सध्या किल्ल्या ठेवते.