पेटंट विक्रीचं ऑनलाइन पोर्टल: बेदाण्याचा एक हंगाम वापरून

बेदाण्याचे देठ काढणाऱ्या यंत्राचं पेटंट माझ्या आणि मेहुण्यांच्या नावावर आहे. सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गेल्या दिवाळीनंतर हे पेटंट आम्ही एका ऑनलाइन पोर्टलवर लावलं. पेटंटची किंमत काढून देणार, गिऱ्हाईक गाठून देणार, करारही तिथंच होणार, असं त्यांचं म्हणणं. बेदाण्याचा सगळा हंगाम त्यावर काढला. तासगाव, कवठेमहांकाळकडचे यंत्र बनवणारे बरेच जण याबद्दल विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवात किमतीपासून करतो, कारण सगळ्यांना तीच हवी असते. पेटंट क्रमांक टाकला की पोर्टल दोन-तीन मिनिटांत अहवाल देतं. दावे (आपल्या यंत्रातलं नेमकं काय संरक्षित आहे ते सांगणारी कलमं) किती, मुदत किती उरली, किती देशांत नोंद आहे, नंतरच्या किती पेटंटनी आपल्या पेटंटचा उल्लेख केलाय, या गोष्टींवरून गुण पडतात आणि रक्कम येते. आमची आली ९ लाख ते ७० लाख. एवढ्या रुंद पट्ट्यात कुणाशी भाव करायचा? त्यातही ‘बाजारपेठ’ या रकान्यात भारत बदलून जागतिक केलं की आकडा जवळपास तिप्पट होतो. आमचं पेटंट फक्त भारतातलं आहे. तुर्कस्तानात किंवा इराणात कुणी हेच यंत्र बनवलं तर आम्ही त्याला अडवू शकत नाही. पेटंट ज्या देशात मिळालं त्या देशापुरतंच चालतं, ही पहिल्या पायरीची गोष्ट त्या हिशेबात धरलेलीच नाही.

शेवटी वहीवर हिशेब मांडला. यंत्राची किंमत ३ लाख. दुसऱ्या कारखानदाराने वर्षाला ३० यंत्रं विकली आणि ४ टक्के रॉयल्टी (पेटंट वापरल्याबद्दल मालकाला द्यायचा वाटा) दिली, तर यंत्रामागे १२ हजार, म्हणजे वर्षाचे ३ लाख ६० हजार. अर्ज २०१८ चा असल्याने कायद्याने मुदत २०३८ पर्यंत, पण त्याआधी कुणीतरी याहून चांगलं यंत्र काढणारच. म्हणून कमाईची ८ वर्षं धरली. पुढच्या वर्षांचे पैसे आज तेवढे मोलाचे नसतात, शिवाय धंद्यात जोखीम आहे, म्हणून २० टक्के वटाव लावला. ८ वर्षांसाठी गुणक ३.८४ येतो, त्याने वर्षाची रक्कम गुणली की होते साधारण १३ लाख ८० हजार, कर न धरता. मूल्यांकन करणारे रॉयल्टी वाचवण्याची म्हणून जी पद्धत वापरतात ती हीच. यातला प्रत्येक आकडा समोरच्याला समजावून सांगता येतो. तो म्हणाला ३० नाही, २० यंत्रं खपतील, तर तेवढंच बदलून पुन्हा बसता येतं. पोर्टलच्या गुणांवर अशी बोलणी होत नाहीत.

नोंद केल्यावर चौकशा भराभर आल्या, पण त्यातल्या बहुतेक सेवा विकणाऱ्यांच्या. परदेशात अर्ज करून देतो, ब्रँडिंग करून देतो, असले फोन. खरं गिऱ्हाईक एकच निघालं, नाशिककडचे एक यंत्र उत्पादक. पण ते पोर्टलमुळेच मिळालं हेही तितकंच खरं. आमची त्यांची ओळख एरवी झालीच नसती. गोपनीयतेच्या कराराचा मसुदाही पोर्टलवरचाच वापरला. तो चांगला होता, वकिलांनी दोनच ठिकाणी दुरुस्ती केली.

ते वर्कशॉपवर आले तेव्हा अहवाल त्यांनी पाहिलाही नाही. सोबत आणलेला बेदाणा ड्रममध्ये टाकला, यंत्र चालवलं आणि खालच्या ट्रेमधली मूठ उचलून एकेक मणी बोटांनी दाबून पाहिला. साल फाटलीय का, देठाजवळ चिकटपणा येतोय का. साल फाटली की साखर बाहेर येते, मणी एकमेकांना चिकटतात आणि मालाचा दर पडतो. मग ड्रमची फट कमी करून पुन्हा एक घाणा काढला. तासगावच्या सौद्यात व्यापारी नमुन्याचा बॉक्स फोडून बेदाणा हातात घेतल्याशिवाय बोली लावत नाही, तसाच हा व्यवहार झाला. पोर्टलवर व्हिडिओ टाकायची सोय आहे, पण हे काम व्हिडिओने होत नाही.

इथंच एक सावधगिरी. पोर्टल ‘तांत्रिक कागदपत्रं’ मागतं आणि जितकी जास्त टाकाल तितके गुण वाढतात. आम्ही प्रसिद्ध झालेलं पेटंट सोडून काही टाकलं नाही. रबराचा कडकपणा किती, कुठल्या ओलाव्याला ड्रमचा वेग किती, हे पेटंटमध्ये नाही. ते अनुभवाचं ज्ञान आहे, त्याची किंमत करारात वेगळी लावता येते. आणि ज्यांनी अजून अर्जच केलेला नाही त्यांनी आपली कल्पना अशा ठिकाणी अजिबात मांडू नये. आधी उघड झालं की नावीन्य गेलं आणि पेटंट हातचं जातं.

कायद्याच्या बाजूला पोर्टल फारच सैल आहे. आमचं पेटंट दोघांच्या नावावर, तरी नोंद माझ्या एकट्याच्या लॉगिनवर झाली, मेहुण्यांची संमती कुणी मागितली नाही. पेटंट कायद्याच्या कलम ५० प्रमाणे सहमालक स्वतः पेटंट वापरू शकतो, पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देऊ शकत नाही किंवा आपला हिस्सा विकू शकत नाही. आम्ही दोघांची लेखी संमती स्वतःहून करून ठेवली. तसंच ‘मान्य’ बटण दाबलं की पोर्टल ब्लॉकचेनचं (मागाहून बदलता न येणाऱ्या डिजिटल नोंदीचं) प्रमाणपत्र देतं आणि हस्तांतरण पूर्ण झाल्याचं दाखवतं. पेटंट कायद्याच्या कलम ६८ ला मात्र सगळ्या अटी असलेला, रीतसर सह्यांचा लेखी दस्त लागतो. त्याची नोंद पेटंट कार्यालयाच्या रजिस्टरमध्ये फॉर्म १६ भरून करावी लागते. रजिस्टर तिथलं, पोर्टलचं नव्हे.

विकत घेणाऱ्यांनीही तेच रजिस्टर उघडावं. मित्रासाठी हळद शिजवण्याच्या एका यंत्राचं पेटंट पाहत होतो. पोर्टलवर ‘सक्रिय’, सरकारी ई-रजिस्टरवर मात्र नूतनीकरणाची फी न भरल्याने बंद पडलेलं. असं पेटंट कुणी विकत घेतलं तर पैसे पाण्यात.

सगळ्यात जास्त खटकली ती विक्रीच्या यादीतली भौगोलिक मानांकनाची (जीआय, म्हणजे एखाद्या भागाच्या खास मालाला मिळणाऱ्या नोंदीची) वर्गवारी. आपल्या सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये, हळदीला २०१८ मध्ये आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये मानांकन मिळालं. भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्याचं कलम २४ स्पष्ट सांगतं की हा हक्क विकता येत नाही, परवान्यावर देता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. तो त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचा असतो. तरी पोर्टल तिथं किंमत टाकायला सांगतं. कुणा शेतकऱ्याने किंवा मिरजेतल्या कारागिराने त्यापायी वर्गणी भरू नये, एवढ्यासाठी हे ठळकपणे लिहितोय.

पेटंटचा शेअर बाजारासारखा बाजार करायचा प्रयत्न शिकागोत झाला होता, आयपीएक्सआय नावाने. तो २०१५ मध्ये बंद पडला. शेअर एकसारखे असतात, पेटंट प्रत्येक वेगळं. आमच्या अनुभवात तरी पोर्टलचा उपयोग लांबच्या माणसाची गाठ पडण्यापुरता आणि मसुद्यांपुरता झाला. तेवढ्यासाठी मोफत नोंद पुरते, सशुल्क योजनेने आम्हाला वेगळं काही मिळालं नाही. व्यवहार झाल्यावरचं कमिशन मात्र ठरलेलं असतं. ते आगाऊ रकमेवरच आहे की पुढच्या प्रत्येक वर्षाच्या रॉयल्टीवरही, हे सही करण्याआधी लेखी घ्या. आम्ही ते आगाऊ रकमेपुरतं ठरवून घेतलं.

नाशिककरांशी करार झाला तो परवान्याचा, विक्रीचा नाही. नाशिक जिल्ह्यापुरता, यंत्रामागे रॉयल्टी आणि थोडी रक्कम आगाऊ. सांगली-सोलापूर आम्ही स्वतःकडे ठेवलंय. फॉर्म १६ मुंबई कार्यालयाकडे ऑनलाइन भरलाय आणि सशुल्क योजना पुढच्या वर्षासाठी घेतलेली नाही.